सांधा

पट्टी घेऊन गावी गेलो तेव्हा आबा ओसरीवर बसून निसण्यावर अडकित्ता घाशीत होते. डॉक्टरांनी सुपारी बंद करून चार वर्षं झाली होती, पण अडकित्त्याला धार मात्र दर आठवड्याला लागायची. मी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. बारा इंच लांब, दीड इंच रुंद, चार मिलिमीटर जाड. रंग करडा, भट्टीतली काळी खपली तशीच अंगावर. बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

"केवढ्याला?" आबांनी विचारलं.

निम्मी किंमत सांगायचं मनात आलं होतं. पण लोखंडाच्या बाबतीत या माणसाशी खोटं बोलणं कधी जमलं नाही.

"पाच हजार."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "आरं, पाच हजारात ट्रकचा आख्खा पाटा आला आसता. कोयतं किती झालं आसतं त्यात, हिशेब कर."

मी हिशेब केला नाही. भोसरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं हीट ट्रीटमेंटच्या खात्यात काढून नुकताच रिटायर झालो होतो. दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग आयुष्यभर तापवले आणि विझवले. स्वतःच्या हातानं पुरी केलेली एकही वस्तू घरात नव्हती. एका सहकाऱ्याच्या मुलानं दमास्कसची पट्टी मागवून सुरी केली होती, ती बघायला मिळाली. पात्यावर ओढ्याच्या तळाच्या वाळूसारख्या लाटा होत्या. घरी येऊन दोन दिवस डोळ्यांसमोरून ते पातं हलेना. तिसऱ्या दिवशी मीही पट्टी मागवली. भट्टी, ऐरण, सांडशी सगळं गावी होतंच. आणि आबा होते, चौऱ्याऐंशी वर्षांचे. एका डोळ्याचं मोतीबिंदू काढलेलं, दुसऱ्याचं नको म्हणून तसंच ठेवलेलं.

पट्टी काय आहे ते मी त्यांना समजावून सांगायला बसलो. दोन जातींचं पोलाद असतं. एक १०९५ नावाचं, त्यात कार्बन भरपूर, जवळजवळ एक टक्का. दुसरं १५एन२०, त्यात दोन टक्क्यांच्या आसपास निकेल. दोन्हींच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, पांढऱ्या होईस्तोवर तापवायच्या आणि ठोकून एकजीव करायच्या. मग लांबवायचं, मधे कापून घडी घालायची, पुन्हा जोडायचं. सात थरांचे चौदा, चौदाचे अठ्ठावीस, मग छप्पन्न, एकशे बारा. शेवटी पातं तेजाबात बुडवलं की कार्बनवालं पोलाद काळं पडतं, निकेलवालं चकचकीत राहतं आणि थर दिसायला लागतात.

"म्हंजे जोड," आबा म्हणाले.

"हो, जोडच."

"आन् जोड दिसतोय म्हनून पाच हजार?"

याला उत्तर नव्हतं. मी विषय बदलून इतिहास सांगितला. जुन्या काळच्या दमास्कसच्या तलवारी अशा थराथरांच्या नव्हत्याच. त्यांचं पोलाद मुशीत बंद करून शिजवलेलं असायचं आणि ते जायचं आपल्या दक्षिणेकडून. निजामाबादजवळच्या कोनासमुद्रम गावी इराणचे व्यापारी येऊन मुक्काम ठोकत आणि पोलाद घेऊन जात. त्या पोलादावरच्या लाटा आपोआप, आतल्या कणांच्या रांगांमुळे उमटायच्या. आज बाजारात दमास्कस म्हणून जे मिळतं ते ठोकून जोडलेलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ह्याला त्येचं नाव कशाला दिलं?" हाही प्रश्न बरोबरच होता.

जोड हा आबांचा प्रांत. आमच्याकडं कुऱ्हाड आख्खी पोलादाची कधीच नसायची, परवडायचीच नाही. अंग मऊ लोखंडाचं. तोंड छिन्नीनं चिरायचं आणि त्या चिरेत पोलादाचा तुकडा बसवायचा. तो तुकडा बहुतेक वेळा झिजलेल्या कानशीचा. वर टाकणखार भुरभुरायचा. भात्यावर मी. लोखंड पिवळं व्हायचं, मग पांढरं, आणि कडेनं फुलबाज्या उडायला लागल्या की आबा सांडशीनं उचलून ऐरणीवर घ्यायचे. घण आई मारायची. पदर खोचून, पाय फाकवून उभी राहायची. आबांच्या हातातल्या लहान हातोड्यानं जिथं टिचकी मारली, तिथंच आईचा घण पडायचा. त्या दोघांना त्या वेळी बोलताना मी कधी ऐकलं नाही. एक ताव चुकला की जोड धरायचा नाही आणि पोलादाचा तुकडा वाया जायचा.

जोड धरल्यावर आबा कानस मारून, विटेनं घासून ती जागा अशी करायचे की कुठं लोखंड संपलं आणि कुठं पोलाद सुरू झालं ते सांगता येऊ नये. गिऱ्हाईक कुऱ्हाड उन्हात धरून बघायचं. सांधा दिसला की लोहार कच्चा.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला सगळं गाव जायचं. रोज संध्याकाळी बोथट छिन्न्यांचा ढीग आमच्या दारात पडायचा आणि सकाळच्या आत त्या पाजवून द्यायच्या असायच्या. कोळसा मिळत नव्हता. आईनं आणि मी ओढ्याकाठच्या वाळलेल्या बाभळी जाळून कोळसा पाडला. त्या वर्षी बलुतं कुणाकडून मिळणार? पुढच्या वर्षी पाऊस झाला, ज्वारी झाली, आणि खळ्यावर मी पहिल्यांदा आबांबरोबर बलुतं मागायला गेलो.

तो दिवस मला विसरता येत नाही. खळ्याचे मालक आबांना नाव घेऊनच बोलवायचे. त्यांच्या घरचं पोरगंही 'अरे लोहारा' म्हणायचं, आणि ते पोरगं माझ्या वर्गात होतं. मालकांनी पायली भरली ती राशीतून नव्हे, खळ्याच्या कडेच्या मातेऱ्यातून. माती, खडे, कोंडा असलेली ज्वारी. वर पायलीवर आडवा हात फिरवून सपाट केली. आबांनी उपरणं पसरलं होतं. ती ज्वारी त्यात पडताना जो आवाज झाला तो ज्वारीचा नव्हता, खड्यांचा होता. वर्गातलं पोरगं माझ्याकडं बघत होतं. आबा गाठ मारून "येतो मालक" म्हणाले. रात्री आई कंदिलाजवळ सूप घेऊन निवडत बसली. मला वाटलं, आता काही बोलेल. ती म्हणाली, "ह्या खेपंला खडं जरा कमी हायती."

मग मी शिकलो. आयटीआय झाली, भोसरीला लागलो. तिथं कुणी घरचं विचारलं की मी सांगायचो, वडिलांची शेती आहे. आमची जमीन म्हणजे ओढ्याकडेचे सात गुंठे, त्यातही दगड. पण सांगायला सोपं जायचं. एकदा आबा मला भेटायला खोलीवर आले. माझा एक सोबती सांगलीकडचा, बागायतदाराचा मुलगा. त्यानं सरळ आबांना विचारलं, "काय काका, औंदा ऊस किती टनानं पडला?" आबांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, ऐरणीवर ताव निवायला लागतो तेवढाच. मग त्याला म्हणाले, "बरा हाय औंदा." आणि चहा पिऊन, पाऊस, खत, कारखान्याचा दर यावर अर्धा तास बोलले. लोहाराला शेतीतलं सगळं माहीत असतं. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

तर पट्टी. आबांनी ती मधोमध दोन बोटांच्या चिमटीत धरली, लोंबकळत ठेवली आणि अडकित्त्याच्या दांडीनं एका टोकाला टिचकी मारली. मग दुसऱ्या टोकाला. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून उजवा कान जवळ नेला. पुन्हा मारली.

"ह्या टोकाला पोकळ हाय."

मी घेऊन वाजवली. मला दोन्हीकडं सारखंच वाजलं. पट्टी विकणाऱ्यानं तपासून दिलेली होती, दोन्ही बाजूंनी घासून सपाट केलेली होती आणि भिंगातून बघूनही चीर दिसत नव्हती. म्हटलं, वय झालं. वर, जे टोक ते म्हणत होते तिकडंच सुरीचं टोक आलं तर पात्यावर नक्षी छान पडत होती. मी पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि त्यांच्या देखत तसाच पट्टीवर ठेवून मार्कर फिरवला. आबा काही बोलले नाहीत.

दादाचं, म्हणजे थोरल्या भावाचं, फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, ट्रॉल्या. भट्टी त्याच्या दुकानाच्या मागं पत्र्याखाली पडून. मी पट्टी त्याच्या शिकंजात धरून हॅकसॉनं आकार कापला. अशी पट्टी नरम करून विकतात, म्हणून करवत चालते. मुठीच्या खिळ्यांची पाच मिलिमीटरची भोकं आधीच पाडून घेतली. एकदा पाणी दिल्यावर ड्रिल चालत नाही, नुसतं चीं चीं करून जळतं. मग दोन्ही अंगांनी उतार काढायचा. दादाकडं ग्राइंडर होता, पण मी कानशीनं काढला. ग्राइंडरनं एक अंग जास्त गेलं की परत आणता येत नाही. धारेची जागा मिलिमीटरभर जाड ठेवली. आत्ताच बारीक केली तर पाणी देताना ती वाकडी होते किंवा फुटते. यात आठ दिवस गेले. दादा येता-जाता म्हणायचा, "ह्या आठ दिसांत मी दोन गेट लावून आलो बघ." वहिनी चहा देताना विचारायच्या, "भावजी, झाली का हो सुरी? कांदा चिरायचा थांबलाय."

पाणी देण्याचा दिवस आला तेव्हा मी पुण्याहून आणलेलं सगळं मांडलं. लोहचुंबक एका सळईच्या टोकाला बांधलेलं, उभ्या डब्यात शेंगतेल, थर्मामीटर. तेल पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट करून घेतलं, कोमट तेल पात्याभोवती लवकर फिरतं. वास असा सुटला की शेजारची दोन पोरं भजी तळताहेत समजून येऊन बसली.

कारखान्यात माझ्यासमोर तापमानाचा आकडा लाल अक्षरांत असायचा. इथं आकडा नव्हता. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटायचं सोडतं. त्याच्यावर जरा, आठशेच्या आसपास, गेलं की उचलायचं, एवढं मला माहीत होतं. आबांनी खाट भट्टीजवळ आणायला लावली आणि म्हणाले, "उजेड बंद कर." दादानं पोती टांगून पत्र्याच्या फटी झाकल्या. दुपारी दोनला आत संध्याकाळ झाली. भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा आहे. तो मी फिरवत होतो. बाभळीचा कोळसा फुलला. पातं काळं, मग जांभळट, मग लाल. मी चुंबक लावत होतो. ते चिकटत होतं. आबा त्या एका डोळ्यानं बघत होते.

"न्हाई... न्हाई... पंखा हळू. न्हाई."

चुंबक सुटलं. मी सांडशी पुढं केली.

"थांब. टोक आजून मागं हाय. फिरव."

पातं फिरवलं. रंग सगळीकडं एक झाला. आबांच्या भाषेत पिकल्या टेंभराचा.

"घे!"

घेतलं, सरळ तेलात. धूर झाला, भडका उडाला, विझला. मनात दहा मोजले. बाहेर काढून पोत्यावर पुसलं, धारेवर कानस फिरवली. कानस घसरली, दातच लागेनात. म्हणजे पोलाद कडक झालं होतं. मी इतका खूश झालो की पात्याकडं नीट बघायलाच विसरलो. दादानं बघितलं. "हे काय रं?" टोकापासून बोटभर आत, पात्याच्या कडेला केसासारखी रेघ होती. नख फिरवलं तर अडकत होतं. थर सुटला होता. जिथं पट्टी जोडताना सांधा धरलाच नव्हता, तिथून.

मी आबांकडं बघायचं टाळलं. चौतीस वर्षं ज्यानं रॉकवेलचे आकडे लिहिले, भट्टीतून फुटून आलेल्या मालावर 'रिजेक्ट'चे शिक्के मारले, त्याला चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसानं टिचकी मारून सांगितलेलं ऐकू आलं नव्हतं. खरं म्हणजे ऐकायचं नव्हतं. 'सांगितलं हुतं' असं म्हणायचा त्यांना पुरा हक्क होता. त्यांनी हात पुढं केला, पातं गार झालंय का बघितलं, चीर अंगठ्यानं चाचपली आणि नखानं एक जागा दाखवली.

"हितनं काप. दोन इंच जाईल. ऱ्हायलेलं चांगलं हाय." आणि वाजवून दाखवलं. या वेळी मलाही ऐकू आलं.

सात इंचांची सुरी पाचाची झाली. आधी टेंपरिंग केलं, कारण पाणी दिलेलं कडक पोलाद काचेसारखं असतं, कापायला गेलं तर आणखी फुटायचं. वहिनींच्या केकच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. पातं गव्हाच्या काडीच्या रंगाचं होऊन बाहेर आलं. आबा हेच काम भट्टीच्या उष्णतेवर करायचे. नुसती धार पाण्यात बुडवायची, काढून विटेवर घासायची आणि मागच्या तापलेल्या अंगातून रंग धारेकडं सरकत येताना बघायचा. पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. कोयत्याला वेगळा रंग, छिन्नीला वेगळा. हवा तो आला की पुन्हा पाण्यात. ओव्हनला चार तास लागतात, आबांना दोन मिनिटं लागायची. पण चार तासांत मी झोपू शकतो, हेही खरं. मग ग्राइंडरच्या पातळ चकतीनं टोक उडवलं. दर चार सेकंदांना पातं पाण्यात, तापलं तर सगळी मेहनत जायची. पात्याला नवा आकार दिला तो विळीच्या पात्याला जवळचा, पोट काढलेला. मूळच्या नमुन्यापेक्षा बरा दिसतो, असं वहिनी म्हणाल्या. त्या माझं मन राखायला म्हणाल्या असाव्यात.

यानंतरचं काम म्हणजे घासणं. लोक सुरीचं कौतुक करतात तेव्हा त्यांना वाटतं की खरं काम भट्टीत झालं. भट्टीत पाच मिनिटं गेली. घासण्यात अकरा दिवस. २२० नंबरचा पॉलिशपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, पाणी लावायचं आणि मुठीकडून टोकाकडं एकाच दिशेनं ओढायचं. आधीच्या कागदाचा एकही ओरखडा दिसेनासा झाला की ४०० नंबर, मग ६००. एखादा ओरखडा राहिला आणि पुढं गेलं, तर तेजाबातून तो असा वर येतो जसा पाटीवर खडू. मला दोनदा मागं जावं लागलं. माझ्या बोटांची कातडी गेली, तेव्हा आबांनी ठोकळा हातात घेतला. त्यांना ओरखडा दिसत नव्हता. ते अंगठ्याच्या पोटानं शोधायचे. त्यांच्या अंगठ्याला सापडलेला ओरखडा मी चष्मा लावून बघायचो, आणि तो असायचा.

फेरिक क्लोराइड मी पुण्यात तपकीर गल्लीतून आणलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सवाले तांब्याचे सर्किट बोर्ड कोरायला तेच वापरतात. एका भागाला चार भाग पाणी, प्लॅस्टिकच्या उभ्या बरणीत. पातं साबणानं धुतलं, बोट लागू न देता तारेनं सोडलं. बोट लागलं तर तेवढा डाग कोरा राहतो. दहा मिनिटं. काढलं तेव्हा पातं नुसतं काळं, तव्यासारखं. दादा म्हणाला, "गेलं पाच हजार." खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून तेजाब मारलं, धुतलं, आणि १५०० नंबरचा कागद अगदी हलका फिरवला. काळ्यातून पांढऱ्या रेघा वर आल्या. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा. तिसऱ्या खेपेला लाटा स्वच्छ उभ्या राहिल्या. पोटाकडं दाट, पाठीकडं विरळ, आणि एका जागी गाठीसारखं गोल वळण, भोवऱ्यात पाणी फिरतं तसं.

आबांनी पातं उन्हात धरलं, गिऱ्हाईक कुऱ्हाड धरायचं तसंच. नख उभं फिरवलं, आडवं फिरवलं. बराच वेळ.

"हाताला लागत न्हाई," ते म्हणाले. "डोळ्याला तेवढा दिसतो." मग पातं खाली ठेवलं. "आमी जल्मभर सांधा लपवला. आन् ह्येनी दाखवून पैसं घ्येतलं."

रागानं म्हणाले असं वाटलं नाही. हसतही नव्हते. मी काहीतरी बोलणार होतो, भोसरीच्या खोलीबद्दल, उसाच्या टनांबद्दल. जीभ टाळ्याला लागली तशीच राहिली. आबा उठून आत गेले आणि माळ्यावरून एक दांडा काढून घेऊन आले. घणाचा, बाभळीचा, मधे मोडलेला. "मुठीला हे घाल. तुझ्या आयीचा हाय."

आईला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दांडा जिथं धरला जायचा तिथं तो काळा, गुळगुळीत आणि जरा बारीक झालेला होता. मी म्हणालो, "आबा, हा नको. दुकानातून शिसवीचा तुकडा आणू." त्यांनी करवत मागितली. माझ्या हातून होईना म्हणून स्वतःच उभा चिरला, मोडलेल्या भागाकडून, आणि हाताची जागा शाबूत ठेवली. दोन फळ्या निघाल्या. बाभूळ आतून लालसर असते. अरल्डाइट लावून, पितळेचे खिळे ठोकून, शिकंजात एक रात्र ठेवून मूठ बसवली. घासून जवसाचं तेल चार वेळा पाजलं. मूठ माझ्या हाताला जरा लहान होते. पट्टीची मागची बाजूच तेवढी होती, असं मी सगळ्यांना सांगतो.

धार मात्र आबांनी लावली. त्यांच्याच निसण्यावर, त्यांच्याच पद्धतीनं, पाणी न लावता थुंकी लावून. मी पुण्याहून आणलेले जपानी दगड पिशवीतच राहिले.

खंडेनवमीला सुरी पुरी झाली. आमच्याकडं त्या दिवशी भट्टी पेटत नाही. ऐरण धुऊन घोंगडीवर मांडतात; तिच्याभोवती घण, हातोडे, सांडश्या, छिन्न्या. दादानं त्याचं वेल्डिंगचं होल्डर आणि ग्राइंडरही ठेवला. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. आबांनी सुरी ऐरणीवर आडवी ठेवली. पूजा झाल्यावर मी म्हणालो, "ही तुम्हाला."

आमच्यात धारेची वस्तू हातात देत नाहीत, खाली ठेवतात आणि समोरचा उचलतो. फुकट तर घेतच नाहीत. एखादं नाणं द्यावं लागतं. मी सुरी घोंगडीवर ठेवली आणि आबा बंडीच्या खिशात हात घालतील म्हणून थांबलो. ते उठून आत गेले. पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजलं. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कालपास्नं ज्वारी निवडीत बसल्यात. म्हटलं मी निवडते, तर हात लावू दिना. डोळ्याला दिसत न्हाई, काय निवडत्यात कुणास ठाऊक."

आबा जुनी पायली घेऊन बाहेर आले. पितळेच्या पट्टीची, दादाच्या दुकानात खिळे ठेवायला वापरायची, घासून लख्ख केलेली. ज्वारीनं भरलेली. वर शीग इतकी, की चालताना दाणे ओसरीवर सांडत होते.

मी दोन्ही हात पुढं केले.

"हातात मावायची न्हाई," आबा म्हणाले. "टॉवेल पसर."

मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्यांच्यासमोर पसरला. ते वाकले आणि पायली हळूहळू उपडी करायला लागले. मी कान देऊन ऐकत होतो.